शिशावरची अक्षरं

मला मजुरी अक्षरामागे.
अर्धी पेनी एका अक्षराला, वेलबुट्टीचे वेगळे.
म्हणून सांगतो, राजवाड्यातली तान्ही मुलं
थोरामोठ्यांपेक्षा महाग पडतात.

पट्टी वीतभर. शिसं मऊ,
नखानंही ओरखडा उठतो.
त्यावर आधी किताब:
थॉर्नमिअरचा ड्यूक, एल्व्हिकचा अर्ल, सँडहोचा बॅरन.
मग आईबापांचे किताब, त्यांची सगळी राज्यं,
आणि तळाला, जागा उरली तर,
वय.

पहिल्या खेपेला उरली नव्हती.
सात महिने नऊ दिवस
यातला ‘दिवस’ मी कडेनं वळवून वर चढवला,
जसं झोपेतलं पोर
भिंतीकडे सरकतं.

दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं.
किताबांच्या कचेरीतला कारकून, जेथ्रो स्टॅनिफर,
नाकाला रुमाल लावून म्हणाला,
‘जुनाच मसुदा घे, ऑबडाया. किताब तोच आहे.’
थोरल्याचा अंगरखा धाकट्याला येतो
तशी ती सरदारकी आलेली,
कोपरांशी न विरलेली,
कुठंच डाग नाही.
मी फक्त आकडे बदलले.

तिसऱ्या खेपेला
मसुदा न बघताच कोरलं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
पाळणा हलवायला ठेवलेली डॉर्कस
शपथेवर सांगते, दिसले होते,
तिन्ही वेळा.
गुलाबी. जमीन न लागलेले.

मग एका वसंतात शिसं बघायला उत्तरेला गेलो.
चौरस्त्यावरच्या खांबावर माझीच अक्षरं,
दुसऱ्या कुणीतरी वाकडी कोरलेली: थॉर्नमिअर.
घोडा आपसूक वळला की मी वळवला, आठवत नाही.
एक तळं, अर्धं शेवाळलेलं.
अकरा घरं.
चिखलात चोची खुपसणारी बदकं.
उंबऱ्यावर लोकर पिंजणारी एक म्हातारी,
मेहेटबेल ग्रिंडल.

म्हणालो, तुमचे ड्यूक वारले.
‘आमचे? आम्हाला होता का कुणी?’
तीन, म्हणालो.

तिनं हात पुसले.
बदकांना हाकललं, ती परत आली.
मला वाटलं आता सारा विचारेल,
तळं कुणाचं, कुरण कुणाचं,
पुढं टोपी कुणासमोर काढायची.
तिनं विचारलं, ‘दात आले होते?’

मला काय ठाऊक?
मी बंद झाकण तेवढं पाहिलेलं.
तरी म्हणालो, थोरल्याला चार.
मधल्याला दोन, खालचे.
धाकट्याची हिरडी नुसती सुजलेली.

‘मग रात्र रात्र रडला असेल,’ ती म्हणाली.
उठली, तळ्याकाठी गेली,
आणि गुलखैराचं एक मूळ उपटून, धुऊन,
माझ्या हातात दिलं.
‘हे चघळायला द्यायचं असतं.
इथं ढिगानं उगवतं.
कळवायचं होतं.’

ते मूळ माझ्या हत्यारांच्या पेटीत राहिलं,
छिन्न्यांच्या मधे.
वाळून टणक झालं,
शिशापेक्षा टणक.

काल किल्ल्यावर तोफा झाल्या.
माझ्या बायकोनं हातातलं भांडं ठेवून मोजल्या.
मुलगा.
किताब तयारच आहे. मसुदाही,
तो तर मला पाठ.

संध्याकाळी मूळ रुमालात बांधून
मागच्या दारानं डॉर्कसकडे दिलं.
तिनं हुंगून पाहिलं.
कुठलं, म्हणाली.
म्हणालो, त्याच्या जहागिरीतलं.

आत कुणीतरी रडत होतं, चांगलं ठणठणीत.
‘वैद्यबुवांना विचारून बघते,’ ती म्हणाली,
आणि दार लोटलं.