फुटलेल्या काचेची वही

बुधवार-शनिवार कॉलेज ऑनलाइन असतं.
मी तरी येतो. किल्ली माझ्याकडे आहे
आणि काचेच्या भांड्यांना रेंज लागत नाही.

एकतीस वर्षं झाली, हडपसरला, या लॅबमध्ये.
लेबलं चिकटवतो, ॲसिड मोजून देतो,
कुणी काय फोडलं त्याची एक वही ठेवतो.
वीस सालचं पान कोरं. एकवीसचं कोरं.
साहेब म्हणाले, वा, बचत झाली.
मला मात्र ती पानं उलटताना
अजून कसंसंच होतं.

मग पोरं आली. मिशा फुटलेली, आवाज बसलेली,
एकमेकांपासून हातभर लांब उभी राहणारी.
सलोनी ओव्हाळ येरवड्याहून येते, दोन बस बदलून.
अकरावी-बारावी तिनं आईच्या फोनवर केली.
फोन आईबरोबर कामाला गेला, त्या दिवशी नाही केली.
पडद्यावर फोनचंच नाव दिसायचं, म्हणून
सगळे सर तिला सुनंदा म्हणायचे.
सुनंदा, आवाज येतोय का?
हो सर.

टायट्रेशन तिला तोंडपाठ. बोटानं सरकवायचं,
थेंब नेमका पडायचा, रंग नेमका यायचा,
वर टाळ्यांचा आवाज.
इथं ब्युरेट तिनं अशी धरली,
जसं परक्याचं तान्हं पोर.
तोटी जरा जास्त फिरली
आणि फ्लास्क झाला लग्नातल्या सरबतासारखा गुलाबी.
ती माझ्याकडे वळली.
"काका, मागे कसं घ्यायचं?"

हसलो नाही मी.
म्हटलं, मागे नाही घेता येत.
ओत, विसळ, परत भर.
"किती वेळा?"
पाणी आहे तोवर.

त्याच आठवड्यात फॉर्म भरायला आला.
तुम्ही शिकायला किती तयार आहात? एक ते पाच.
झोप लागते का? एक ते पाच.
चारचौघांत बोलताना छाती धडधडते का?
पोरांनी बाकावर बसल्या बसल्या
तीन, तीन, तीन, तीन.
हर्षद बनकर मला म्हणाला,
"एक दिला की घरी फोन जातो, काका.
पाच दिला की स्वयंसेवकांत नाव घालतात.
तीनला कुणी काही विचारत नाही."
वर त्याचा आलेख काढला. तयारी मध्यम, असं निघालं.

आणि गंमत बघा,
ऑनलाइन तासालाही ही पोरं कॉलेजातच येतात.
जिन्यात, टाकीच्या मागं, माझ्या दाराशी,
कानात वायरी घालून.
घरी एक खोली, पाच माणसं आणि टीव्ही.
मॅडम वरच्या मजल्यावरून शिकवतात.
त्यांचा आवाज आधी छतातून येतो,
मग दोन सेकंदांनी तोच आवाज मोबाइलमधून.
मध्ये बावीस पायऱ्या.
त्या कुणी चढत नाही.
चढून काय म्हणायचं, तेही कुणाला ठाऊक नाही.
मलाही नाही.

मी दार उघडून पंखा लावतो, एवढंच.
सलोनी ब्युरेटमध्ये साधं पाणी भरून बसते,
थेंब, थेंब, थांब.
पाण्याला रंग येत नाही,
चुकलं तरी दिसत नाही, म्हणून बरं वाटतं म्हणाली.
एकदा नुसतीच बसून राहिली, तोटी बंद करून.
मी बाटल्या पुसत राहिलो.
विचारलं नाही. विचारायला हवं होतं का,
हे अजून ठरत नाही माझं.

परवा पिपेट फुटली.
खण्ण!
जिन्यातली सगळी डोकी एकदम आत वळली,
कानातून वायरी निघाल्या, कुणीतरी चक्क ओरडलं.
सलोनी पांढरीफटक.
मी आधी तिचे हात बघितले, मग सुपली आणली,
मग वही काढली. तारीख टाकली.
रकमेचा रकाना मोकळा सोडला.

ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.
"नीट लिहा हं काका," म्हणाली,
"सुनंदा नाही.
सलोनी."