चाळिसावी धुलाई

ओडेसा प्रुइट आली तेव्हा आमचा अख्खा मजला उभा राहिला,
हिशेबखात्यातला डेनिससुद्धा, ज्यानं जन्मात कविता वाचली नव्हती.
चौऱ्याहत्तरची बाई. गुडघा धरून बसली, म्हणाली,
'बोला, किती शब्द?'
बारा, मी म्हटलं. आतल्या पानावर बारा. बाहेर सोनेरी लिली.

क्लीव्हलंडच्या पेपरांनी नाकं मुरडली:
तुरुंगातल्या बायकांवर जिनं दीर्घकविता लिहिली
ती आता उशांवर लिहिणार? मेणबत्त्यांवर?
एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं,
'बाई, तुम्ही शब्दांचा भाव उतरवलात.'
तिनं ते माझ्यासमोर वाचलं, चार घड्या घातल्या,
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
'उतरला असेल. आता व्हर्लीनला परवडेल.'

व्हर्लीन तिची मावशी. लोकांचे शर्ट इस्त्री करायची,
अक्षर ओळख नाही.
ईस्टरच्या आधी औषधांच्या दुकानात जाऊन
काउंटरवरच्या पोराला एकेक कार्ड वाचायला लावायची
आणि त्याचा आवाज कुठे अडतो तेवढंच ऐकायची.
अडला, की तेच कार्ड.
'इतका कडक समीक्षक मला पुन्हा भेटला नाही.'

बारा शब्दांना तीन आठवडे लागले.
रात्री अकराला फोन: 'तो प्रिय काढ.
प्रिय म्हणायला कुणाचं काय जातं?'
काढला. अकरा उरले.
साहेब म्हणाले, बारावा कुठाय, पैसे बाराचे दिलेत.

मग आले मग.
तळघरात धुलाईचं यंत्र, नियम साधा:
चाळीस धुलाया टिकली तर ओळ विकायची.
शाई हलकी निघाली.
नवव्या धुलाईत क्रियापद गेलं,
तिसाव्यात सही.
चाळिसाव्यानंतर कपावर एकच शब्द:
तरीही.
इंजिनिअर ओशाळून शाईवाल्याला शिव्या देऊ लागला.
ती कप ट्यूबलाइटखाली फिरवत राहिली,
'हा असाच छापता येईल?'

नाही आला. साहेबांना पूर्ण वाक्य हवं होतं.

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.
परवा इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या दुकानात
अर्ध्या किमतीच्या टोपलीत तिचं कार्ड दिसलं.
बसड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस ओठ हलवत वाचत होता,
थांबला,
ठेवून गेला, लिफ्टपासून परत आला.
कितव्या शब्दावर थांबला ते मला कळलं नाही,
आणि शब्द मोजणं हीच माझी नोकरी होती.

तो कप माझ्याकडे आहे.
हातानं धुते. तेही क्वचित.