जिनिंगच्या काट्यावर

आमचा काटा दहाच्या पटीत बोलतो.
भरली ट्रॉली, रिकामी ट्रॉली.
माणसासाठी तो नाहीच.
तरी गेडाम हमालाची आचल, दुसरीतली,
एकदा पत्र्यावर येऊन उभी राहिली,
चोवीस किलोची. काट्यानं दाखवले वीस.
"मंग माहे चार कुठी गेले, भाऊ?"
म्हटलं, ते हवेत आहेत.

तेच चार किलो घेऊन पुढची नऊ वर्षं
ती उलटीपालटी होत राहिली.

दिवाळी ते होळी कापसाच्या गंजीवर,
शेठ जेवायला गेला की.
होळीनंतर गंजी संपते. मग कुटारावर,
अंगभर खाज.
बोरकुटे सरांनी मोडक्या बंडीची दांडी
दोन ओंडक्यांवर ठोकून दिली, चार बोटं रुंद,
तिच्यावर पोतं.
हाताला खडूचा भुगा. महिनाअखेरीस
फळ्यावर लिहायला खडू उरायचा नाही.

सरांच्या फोनमध्ये चीनची एक पोरगी होती.
नाव कोणाच्याच तोंडात बसेना,
आचलनं ठेवलं: बारकी.
बारकी दांडीवर मागं न बघता मागं जायची,
लाइट गेल्यावर आपण आपल्याच घरात
मडक्यापर्यंत जातो तशी.
बारकी पडली त्या दिवशी
आचलनं भाकर तशीच झाकून ठेवली.
समालोचन चिनी. पण त्यातलं 'अरेरे' कळलं.

जिल्हा झाला. अमरावती झाली.
पुण्यात राज्याला चौथी.
चौथ्या नंबराला पायरी नसते.
खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती,
असं सर सांगतात. ती सांगत नाही.
ती सांगते गादीबद्दल:
"तिथची गादी इमानदार हाय, भाऊ.
जेवढं पडलं तेवढंच वापस देते.
आपला कापूस त गिळूनच घेते."

मग एका पावसाळ्यात साडेतीन इंच.
दोन निंबांमधल्या पाइपाला लोंबकळली
की पाय भुईला घासायचे.
सरांनी पाइप वीतभर वर बांधला.
पुढच्या महिन्यात पुन्हा.
तिसऱ्यांदा नुसते दोरीची गाठ बघत उभे राहिले.
माय मात्र खूश, पोरगी अंगानं भरली म्हणून.

त्याच सुमारास बारकी फोनमधून गेली.
शेवटच्या व्हिडिओत घोट्याला पट्टी,
हसते आहे, की कोणी हसायला सांगितलंय.
त्यानंतर दुसऱ्याच पोरी.

काल गाड्यांची रांग लागलेली
आणि आचल काट्यावर चढली.
अठ्ठेचाळीस, तिचं तिलाच पाठ.
काट्यानं दाखवले पन्नास.
"आता दोन जास्तीचे देऊन राह्यला," म्हणाली.
मी सवयीनं रजिस्टर ओढलं,
गाडी क्रमांकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं,
खोडलं.
"बारकी आता किती असंल, भाऊ?"

मागून ट्रॅक्टरनं भोंगा दिला.
ती उतरली. उतरली म्हणजे उडी;
पाय जुळलेले, हात वर,
धुळीत क्षणभर तशीच,
जणू समोर कोणी टेबलाशी बसून लिहून घेतंय.

ड्रायव्हरनं विचारलं, पोरगी कोणाची?
मी म्हटलं, मधोमध घ्या.
चारही चाकं पत्र्यावर पाहिजेत.