नंबर बावीस

ट्रॉम्बे कोळीवाड्यात, समाजमंदिराच्या हॉलमध्ये
परदेशी क्लबची पोरं आली, दर शनिवारसारखी,
खोक्यात साठ जुने चष्मे घेऊन.
प्रत्येक दांडीला दोऱ्याने बांधलेला नंबर,
एका बिजागरीत अडकलेला
कुणाचा तरी पांढरा केस.

आनेका, वय सतरा, बाप जहाज कंपनीत,
तक्त्याशेजारी पट्टी धरून उभी.
समोर पोशाबाय, सुकट निवडता निवडता उठून आलेली,
हाताला वास तसाच.

पट्टी टेकली 'ट'वर.
"गल," पोशाबाय म्हणाली, "मासे धरायचा."
पोरगी म्हणाली, "छान."
पट्टी 'ळ'वर.
"दोन कोलंब्या. शेपटाला शेपूट."
"छान, छान."

मी रजिस्टर घेऊन बसलेलो.
सांगणार होतो, बाई गं, हिला वाचता येत नाही,
आणि पोरी, तुलाही.
पेनाचं टोपण उघडलं,
पुन्हा लावलं.

बाविसाव्या चष्म्याला म्हातारी थांबली.
तक्त्याकडे बघितलंच नाही.
पोरीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली:
"अगो, तुझ्या तं पापन्या पन पिवल्या!"

पोरीला त्यातलं काही कळलं नाही.
तिला एकच शब्द येत होता,
तो तिने पुन्हा दिला.

मी लिहिलं: पोशाबाय, नंबर बावीस.
शेऱ्याच्या रकान्यात: दिसतं.