दारापासून तिसरा गाळा

परीक्षेला चौदा दिवस उरले आणि मेंदू डोक्यात मावेना,
तेव्हा मी तो ओल्यांवच्या बाजारात नेऊन मांडला.

दोनच तर इमारती, लाल विटांच्या, पाण्याला लागून,
जुळ्या बहिणींनी पाठ फिरवून बसावं तशा.
डावीकडे मासळी, उजवीकडे भाजी.
मधल्या गल्लीतून दिवसभर ढकलगाडी नेणारा-आणणारा झेफेरीनु
म्हणजे दोन्ही गोलार्धांना जोडणारा तो जाड पूल,
ज्याचं लॅटिन नाव मी तीनदा चुकवलं.

भाजीत बदामवाली बसते. भीती तिच्या टोपलीत ठेवली.
दुसरा बदाम मासळीत, बर्फाखाली,
भीती तिथे ताजी राहते.
समुद्रघोडा शोधावा लागला नाही,
आमच्या खाडीत तो खराच आहे,
शेपटीनं गवताची काडी धरून ओहोटीत टिकून राहणारा.
आठवणी अशाच टिकतात, हे पुस्तकात नाही. माझं आहे.

मागे धक्का, तिथे लहान मेंदू, होड्यांचा तोल.
धक्क्याखाली पंपाची खोली, रात्रंदिवस घरघरणारी.
ती बंद पडली तर बाजारच नाही.

आणि मासळीत, दारापासून तिसरा गाळा,
एर्मेलिंदाचा. बोलणं तिथे ठेवायला विचारही करावा लागला नाही.
ब्रोका, मी वहीत लिहिलं, आणि समोर:
सार्डिन, किलोला चार युरो.
ऐकलेलं समजण्याची जागा थोडी मागे,
तिच्या नवऱ्याच्या स्टुलावर.
बाझिलियु बोलत नाही. त्याला सगळं ऐकू येतं.

रोज रात्री डोळे मिटून फेरी.
धमन्या म्हणजे खाडीचे प्रवाह,
मधला सगळ्यात मोठा, गाळ बहुधा त्यातच अडकतो.
एक तर वाट तुंबते, नाहीतर मिठागराचा बांध फुटतो.
काठावरून दोन्ही सारखंच दिसतं.
आत पाहिल्याशिवाय औषध नाही,
तुंबलेल्याला जे तारतं ते फुटलेल्याला बुडवतं.

शनिवारी सकाळी मी लिंबं आणायला गेले,
खऱ्या बाजारात, उघड्या डोळ्यांनी.
"सार्डिन! सार्डिन! ताजी ताजी..." आणि मग
"चमचा."
"चमचा, चमचा," एर्मेलिंदा म्हणाली,
आणि दचकली, जणू शेजारचं कुणी बोललं.
लोक हसले. ती थट्टेखोरच आहे.
उजव्या हातातलं वजन बर्फावर पडलं.
ओठाचा उजवा कोपरा ओल्या फडक्यासारखा लोंबला.

मी पाठ म्हणत नव्हते, पाठच मला म्हणत होता:
डावा हॉल. पुढची बाजू. मधला प्रवाह.
हसायला सांग. दोन्ही हात वर. एक वाक्य.
शेवटची धड कधी होती?
"सात वाजता," बाझिलियु म्हणाला. तो बोलला.
"सातला मला शिवी घातली. स्पष्ट."
मी सात हा आकडा तळहातावर लिहिला, खवल्यांवरच.
फारोचं हॉस्पिटल लांब नाही.
तरी त्या दिवशी होतं.

गुठळी निघाली. विरघळली, बरीचशी.

रात्री डोळे मिटले तर तिसरा गाळा रिकामा,
बर्फाचं पाणी दाराकडे येत होतं.
मीच तिला तिथे बसवलं, हा विचार शास्त्राला धरून नाही,
ठाऊक आहे.
तरी त्या जागी दुसरं कुणी बसवता येईना.

परीक्षेत चित्र आलं. बाण नेमका तिच्याकडे.
पाच अक्षरंही नाहीत त्या नावात.
मला चार मिनिटं लागली.

आता मंगळवारी तिच्या घरी जाते, पिशवीत मासे घेऊन.
एकेक उचलून धरते. ती बघते.
शब्द ओठाशी येतो, वास घेतो, मागे फिरतो.
शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून शाबूत.
त्यांचं बिऱ्हाड वेगळीकडे असतं म्हणतात,
मी त्यांना भाजीच्या हॉलमध्ये जागा दिली आहे.

काल सार्डिन धरली आणि मुद्दाम म्हटलं, किलोला सहा.
तिचा डावा हात मांडीवर आपटला.
"चार," ती म्हणाली,
आणि लगोलग माझ्या आईचा उद्धार केला.

बाझिलियुनं स्टूल जरा पुढे ओढलं.