गळणं

जिनाक्का कधी जन्मली, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.
विचारलं तर म्हणायची,
"हळदीला भाव न्हवता, त्या साली.
आण्णा म्हणायचे, हळद आणि पोरगी, दोन्ही घरातच पडून."
आणि आपणच हसायची,
बोळकं न झाकता.

आधारकार्डावर एक जानेवारी होती.
त्या दिवशी आम्ही केक नेला.
अंडं न्हाई न्हवं? तिनं तीनदा विचारलं,
चौथ्यांदा विचारलं,
आणि खाल्ला नाहीच.
पुठ्ठा तेवढा ठेवून घेतला, डब्याखाली घालायला.

गावभागात, नदीकडं उतरणाऱ्या बोळात
तिची भिंत आणि आमची भिंत एकच.
खोकला तिकडं, जाग इकडं.
सूर्य मावळायच्या आत तिचं ताट वाजायचं,
ते ऐकून आई दिवा लावायची.

नवरा मापाडी, हळदीच्या अडतीत.
ऐन तिशीत गेला.
कशानं, ते तिनं कधी सांगितलं नाही;
"काटा खरा हुता त्यांचा," एवढंच.
मग चाळीस वर्षं ती वखारीत बसली:
हळकुंडं इकडं, गड्डे तिकडं,
कणी चाळणीखाली.
त्यात तीन मुली उजवल्या, एक दीर शिकवला.
दिराच्या बंगल्यावर वास्तुशांतीला गेली
आणि संध्याकाळच्या आत परत.
"फरशी लई गुळगुळीत बाई. पाय कुठं ठिवायचा?"

बोटांचा रंग काही गेला नाही.
दवाखान्यातला नवा डॉक्टर तळहात उलटे करून म्हणाला, कावीळ.
"व्हय," म्हणाली, "चाळीस वर्षं झाली.
आता कुठली उतरतीया?"

एकोणीस साली बोळात बोट आली.
कुठल्या लांबच्या मुलखातला जवान पोरगा,
त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं.
मापाड्याच्या बायकोला
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तोललं होतं.
ती त्याला मराठीत विचारत राहिली, जेवलास का,
तो हिंदीत म्हणत राहिला, माताजी, हिलो मत.
काखेत एक तांब्या, तांब्यात कोंबलेलं फडकं.
बाकी सगळं पाण्यात.

शाळेतल्या छावणीत सीलबंद बाटल्या वाटल्या.
मी म्हटलं, अक्का, कंपनीनं गाळलेलं असतं हे.
"गाळताना तू बघितलंयस?"
तांब्यावर दुपदरी फडकं धरून
तिनं बाटली हळूहळू ओतली,
शेवटच्या थेंबापर्यंत.
फडक्यात काहीच आलं नाही.
मलाच बरं वाटलं, जिंकल्यासारखं.

मग ती उठली.
फडकं उलटं करून त्यावर चूळभर पाणी सोडलं,
ते ओंजळीत झेललं,
आणि शाळेच्या पायरीला पुराचं पाणी लागलं होतं,
तिथवर जाऊन, वाकून,
अलगद त्यात मिसळून आली.
"ज्याचं त्याला."

त्या पाण्यात.
ज्यानं तिचं दार नेलं, डबे नेले,
मापाड्याचा एकुलता एक फोटो नेला.

त्यानंतरही ती पाच उन्हाळे जगली.
गेली तेव्हा हळदीचे सौदे जोरात होते,
अख्खी पेठ पिवळी, शिंकत होती.
मुलींनी भांडी वाटून घेतली,
काय थोडं होतं ते.
भांडण झालं नाही, कुणी मोठ्यानं रडलंही नाही.
मी काही मागितलं नाही.
तिसऱ्या दिवशी पाहिलं तर
मागच्या दोरीवर गळणं तसंच वाळत होतं,
दोन चिमट्यांत. ते काढून आणलं.

आमच्याकडं पाण्याचं मशीन आहे,
निळा दिवा लागतो त्याला.
तरी सकाळचा पहिला तांब्या मी
त्याच फडक्यातून भरते.
मधोमध इतकं विरलंय की
मुंगीसुद्धा आरपार जाईल.
नवरा बघतो, बोलत नाही.

आत काही नसतं.
एखाद्या दिवशी मात्र
सुटलेला एक पिवळट धागा.

तो कुठं सोडायचा,
हे तिला विचारायचं राहून गेलं.