तेरावा

रास अल खैमाच्या खाडीपलीकडे
सिमेंटच्या गोदामामागे एक मैदान आहे.
हिरवळ म्हणाल तर अर्धी. उरलेली वाळू,
टँकरचं खारट पाणी पिऊन
पापडासारखी तडकलेली.

तिथे मी पहिल्यांदा उभा राहिलो तो तेरावा म्हणून.
क्रेनखाली साखळ्या बांधणारा मी, मंडणगडचा शमसुद्दीन परकार,
रग्बी लीग हे मला बुटांच्या कंपनीचं नाव वाटलं होतं.
फोरमन क्लाइव्ह म्हणाला, बारा आहेत, एक कमी पडतोय,
तू जड आहेस, ये.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता बाबा,
तेरावा गडी कसला?

अकरा हंगाम खेळलो.
पुढे धावायचं,
चेंडू मात्र मागच्याच्याच हातात द्यायचा.
पगाराच्या दिवशी एक्सचेंजच्या रांगेत उभं राहणाऱ्याला
हे वेगळं शिकवावं लागत नाही.
सहा वेळा पाडतात. दर वेळी उठायचं,
टाचेने चेंडू मागे सारायचा,
सहाव्यांदा पडलात की चेंडू त्यांचा.

आयुष्यात ट्राय एकच.
अल ऐनविरुद्ध, धुळीच्या वादळात,
रेफरीसुद्धा डोळे चोळत होता.
फोटो नाही. क्लाइव्हने पाहिला होता,
पण त्याचा करार संपला मार्चमध्ये.

मग उजवा खांदा.
इजिप्शियन डॉक्टरने फिल्म दिव्यासमोर धरली
आणि म्हणाला, खलास.
बरं झालं, हा शब्द कुणी समजावून सांगायला नको.

बायकांची टीम मला कुणी दिली नाही,
दुसऱ्या कुणी घेतली नाही म्हणून आली.
पहिला महिना मी क्लाइव्हसारखा ओरडलो,
त्याच्याच शिव्या, अर्थ न कळलेल्या.
जिन्सी रात्रपाळी करून यायची. म्हणाली,
सर, रात्रभर डॉक्टर ओरडतात,
तुम्ही जरा काही नवीन करा.

म्हणून मग पिकअपच्या बॉनेटवर खजुराच्या बिया मांडायला लागलो.
ही तू, ही वंजिरू, इथून असं.
मौज़ा शाळेत गणित शिकवते,
तिने दोन बिया सरकवून माझा कोन दुरुस्त केला.
लितियाचे चारही भाऊ फिजीत हेच खेळतात,
तिला माझ्याहून जास्त कळतं.
शिट्टी माझ्या गळ्यात आहे, एवढंच.
हात लावून दाखवणं बरं दिसत नाही,
मी तांदळाचं पोतं पाडून दाखवायचो, डाव्या खांद्याने.

बिया बाराच.
तेराव्या जागी मी एक नट ठेवायचो, क्रेनचा, गंजका.
सात महिने तो नट आमच्याकडून खेळला.

मग एका शनिवारी लांज्याची यमुना शिवगण आली.
कुठल्याशा बंगल्यात स्वैपाकाला,
आठवड्याला चार तास सुटी.
कोथिंबिरीची पिशवी तिने गोलपोस्टला अडकवली,
चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवल्या,
काय करायचंय, म्हणाली.

इतक्या वर्षांत या मैदानावर
मी पहिल्यांदा माझ्या भाषेत ओरडलो,
खांदा दे! यमुना, खांदा दे!

ती जागीच थबकली.
पदर नव्हता, तरी हात डोक्याकडे गेला.
अगो बाय, कोण गेलं?

मी वाळूत बसलो. हसू आवरेना,
आणि बाकीच्या बाराजणींना इंग्रजीत सांगता येईना
की यात हसण्यासारखं काय आहे.
शेवटी म्हटलं, कुणी गेलं नाही बाई,
समोरून लितिया येत्येय.

लितिया आली. शंभर किलोची, गुडघे वर घेत.
यमुनाने मान बाजूला घेतली,
ते मी शिकवलंच नव्हतं,
आणि दिला खांदा.

धूळ खाली बसायच्या आत तिचा आवाज,
लागलं का गं?
लितियाने काहीतरी उत्तर दिलं तिच्या भाषेत,
उठली, टाचेने चेंडू मागे सारला.

मी बॉनेटवरचा नट खिशात टाकला.
मग डबा उघडून एक खजूर खाल्ला.